दहा बाय बाराच्या हॉलमधला क्रॉसओव्हर

दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडली की कोन गाव लागतं. कल्याण-भिवंडी रस्त्यावरून गोदामांकडे जाणारे ट्रक-कंटेनर दिवसरात्र चालू असतात, आसपास यंत्रमागांचा खडखडाट असतो आणि रस्त्यालगत वन बीएचके-टू बीएचकेच्या इमारती उभ्या राहिल्यात. अशा एखाद्या इमारतीतल्या हॉलमध्ये तुम्ही ५.१ चा होम थिएटर संच लावला असेल किंवा लावायच्या विचारात असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला किंवा घरबसल्या मागवलेला संच भिंतीवर टांगून वायरी जोडून देणारा माणूस सहज मिळतो. क्रॉसओव्हर नीट लावून देणारा मात्र क्वचितच. मग तो कारखान्यातून आला तसाच राहतो आणि महिन्याभरात तक्रार सुरू होते : मारामारीच्या वेळी खिडक्या हादरतात, पण संवाद काही कळत नाहीत.

या तक्रारीवर नवे स्पीकर हा उपाय नाही. निम्म्याहून अधिक इलाज रिसिव्हरच्या मेन्यूत आणि सबवूफरच्या पाठीमागच्या दोन-तीन नॉबमध्ये असतो, आणि तो फुकट असतो.

क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी. ठरावीक आकड्याच्या खालचे जाड, खर्जातले सूर सबवूफरकडे जातात आणि वरचे सगळे बाकीच्या स्पीकरांकडे. ही वाटणी सुरीने कापल्यासारखी होत नाही. मागाच्या कारखान्यात पाळी बदलताना पहिला कामगार माग सोडतो तोवर दुसरा येऊन उभा राहिलेला असतो, तसं दोघांचं काम थोडा वेळ एकत्र चालतं. बहुतेक रिसिव्हर सबवूफरचा आवाज ठरलेल्या आकड्यापासून वर प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने उतरवतात, तर स्पीकरचा आवाज त्या आकड्यापासून खाली सप्तकाला १२ डेसिबलने. बंद खोक्याचा स्पीकर खालच्या टोकाला स्वतःच्या अंगानेच आणखी १२ डेसिबलने उतरतो. असे दोन्हीकडून सारखे उतार जुळले की सांधा ऐकू येत नाही. हे गणित सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्युलेट-पॅकार्डमधल्या दोन अभियंत्यांनी १९७६ साली मांडलं. त्यांच्या नावाचा फिल्टर आजही सर्रास वापरला जातो.

आता पहिली गोष्ट, जिच्यावरून घरोघरी वाद होतात. रिसिव्हरच्या मेन्यूत प्रत्येक स्पीकरसमोर 'लार्ज' किंवा 'स्मॉल' असा पर्याय असतो. चार आकडी रक्कम मोजून आणलेल्या स्पीकरला 'स्मॉल' म्हणायला मन धजत नाही, म्हणून लोक 'लार्ज' निवडतात. तसं करू नका. इथे प्रश्न स्पीकरच्या उंचीचा नाही, त्याच्यावर खर्जाचं ओझं टाकायचं की नाही एवढाच आहे. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा असेल, तर स्पीकरच्या कोनला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या शंकूला, चौपट मागेपुढे हलावं लागतं. ८० हर्ट्झवर एक मिलिमीटर हलणारा कोन ४० हर्ट्झवर चार मिलिमीटर हलायला हवा. पाच इंची वूफर तिथे धापा टाकतो आणि त्या ओढाताणीत त्याच कोनातून येणारा माणसाचा आवाजही फाटतो. शिवाय एखाद्या स्पीकरला 'लार्ज' केलं की त्याच्या वाट्याचा खर्ज सबवूफरकडे वळतच नाही. हजारो रुपयांचा सबवूफर फक्त स्फोटांची वाट पाहत बसून राहतो. म्हणून पुढचे दोन, मधला, मागचे दोन, सगळे 'स्मॉल' करा. टॉवर स्पीकर असले तरीही. सबवूफरच्या मेन्यूत 'एलएफई' (स्फोट-गडगडाटासाठीचा वेगळा मार्ग) आणि 'एलएफई प्लस मेन' असे दोन पर्याय दिसतील, त्यांतला साधा 'एलएफई' ठेवा. दुसऱ्या पर्यायात तोच खर्ज स्पीकर आणि सबवूफर दोघांकडून येतो, कुठे दुप्पट होतो, कुठे एकमेकांना खाऊन टाकतो.

मग आकडा कोणता ठेवायचा? कुणालाही विचारा, उत्तर येईल ८०. हा आकडा हवेतून आलेला नाही. जॉर्ज लुकासच्या कंपनीत टॉमलिन्सन होल्मन या ध्वनितज्ज्ञाने चित्रपटगृहांसाठी टीएचएक्स हे मानक बसवलं आणि १९८३ साली 'रिटर्न ऑफ द जेडाय'बरोबर ते लोकांपुढे आलं. पुढे घरगुती संचांसाठी टीएचएक्सने ८० हर्ट्झ हा क्रॉसओव्हर धरला. त्यामागचं कारण आपल्या कानांत आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा सूर खोलीत नेमका कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात असला तरी गडगडाट पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. आकडा जसजसा वर न्याल, तसतसा सबवूफर आपली जागा दाखवू लागतो.

पण ८० हा आकडा प्रत्येक घराला लागू पडत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांना तर नाहीच. पाच-साडेपाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर असतील तर ८० उत्तम. साडेसहा इंची असतील तर ६० सुद्धा चालेल, तरी मी ८० च ठेवीन. मात्र खोक्यात बांधून येणाऱ्या संचातले सॅटेलाइट तळहाताएवढे असतात. अडीच-तीन इंची कोनचे हे स्पीकर १२० ते १५० हर्ट्झच्या खाली जवळपास मुके होतात. त्यांना ८० लावलंत तर मधला सगळा पट्टा कुणीच वाजवत नाही. सबवूफर ८० वर थांबतो, सॅटेलाइट १५० ला सुरू होतो, आणि तबल्याचा डग्गा व पुरुषी आवाजाचा भरदारपणा त्या खड्ड्यात पडतो. अशा संचाला १२० किंवा १५० च लागतो, आणि तो लावण्यात कमीपणा काहीच नाही.

खोक्यावर छापलेलं वाचून हा निर्णय घेऊ नका. '४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, पण त्यापुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा दिलेली नसेल तर त्या ४० ला अर्थ नाही. आवाज कितीही क्षीण झाला तरी तो छापता येतो. पीएमपीओ वॉटच्या हजारांच्या आकड्यांचंही तेच. मर्यादा दिलेली असेल तर तिच्यातला खालचा आकडा घ्या आणि त्याच्या वर १०-२० हर्ट्झ सोडून क्रॉसओव्हर ठेवा. म्हणजे ६५ पासून वाजणाऱ्या स्पीकरला ८०.

आकडा बरोबर बसला की नाही हे तपासायला स्फोटांचे सीन लावू नका. स्फोट सगळ्याच संचांवर बरे वाटतात. सह्याद्रीवर बातम्या लावा आणि पुरुष निवेदकाचा आवाज ऐका. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, बाईचा १६५ ते २५५ च्या. क्रॉसओव्हर ८० वर असेल तर निवेदकाचा आवाज जवळपास पूर्णपणे मधल्या स्पीकरकडे राहतो. तो १५० वर असेल तर आवाजाचा तळ सबवूफरकडे जातो, आणि सबवूफर सोफ्यामागच्या कोपऱ्यात असेल तर माणूस समोर बोलतोय पण त्याची छाती मागे घुमतेय असं विचित्र ऐकू येतं. संवाद न कळण्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून छोटे सॅटेलाइट असतील, क्रॉसओव्हर १२० च्या वर ठेवावा लागत असेल, तर सबवूफर टीव्हीच्या शेजारीच ठेवा, दिवाणाखाली किंवा मागे नको. निवेदक झाला की एखादं तबला एकलवादन लावा. डग्ग्यावरची घीस खाली उतरताना मध्येच आवाज पडला तर आकडा फार खाली आहे. एकाच ठिकाणी अचानक फुगला तर सबवूफर जास्त आहे किंवा खोली बोलतेय.

या खोलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्धा खेळ तिचाच असतो.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. त्या हिशेबाने ८० हर्ट्झची एक लाट साधारण १४ फुटांची होते आणि ४० हर्ट्झची २८ फुटांची. बारा फुटांच्या हॉलमध्ये ही लाट मावतच नाही, भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःवरच चढते. ज्या सुराची अर्धी लाट खोलीच्या लांबीएवढी भरते, तो सूर तिथे घुमतो. बारा फुटांना हा सूर निघतो ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५७ आणि साडेनऊ फुटांच्या छताला ६०. शेवटचे दोन आकडे पाहा. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे ५७-६० च्या आसपास दोन घुमारे एकावर एक बसतात. तुमचा सबवूफर ठरावीक सुरालाच 'भूंऽऽ' करून राहतो तो बहुतेक इथेच. क्रॉसओव्हर ८० वरून ६० वर आणला तरी हा घुमारा जाणार नाही, कारण तो ६० च्या वर नाहीच. इथे आकडा बदलून उपयोग नाही, जागा बदलावी लागते.

भिंतीलगत हे घुमारे सर्वांत मोठे असतात आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत क्षीण. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, दुसरी जागाच नसते. म्हणजे तुम्ही घुमाऱ्याच्या शिखरावर बसलेले आहात. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढता आला तर फरक लगेच कळतो. ओढता येत नसेल तर सबवूफर हलवा. परदेशी पुस्तकांत सबवूफर सोफ्यावर ठेवून आपण खोलीभर रांगत जागा शोधायची रीत सांगितलेली असते. रीत बिनचूक आहे, पण टीव्ही युनिट, शू रॅक, फ्रिज आणि मुलांची सायकल असलेल्या हॉलमध्ये सबवूफरला मुळात दोन-तीनच जागा मोकळ्या असतात. त्या दोन-तीनही जागी ठेवून एकच गाणं ऐका, मग ठरवा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, पण सारखा येत नाही. कोपऱ्यापासून दीड-दोन फूट सरकवलेला सबवूफर बहुधा जास्त स्वच्छ वाजतो.

हळदीच्या मांडवातला डीजे ऐकून आपल्या कानांना खर्जाची एक सवय झालेली असते. ती अपेक्षा घेऊन हॉलमध्ये सबवूफर वाढवू नका. मोकळ्या मैदानात भिंती नसतात, म्हणून तिथे कपाटाएवढे बेस लागतात. बंद खोलीत भिंतीच खर्ज वाढवून देतात. दहा बाय बाराला आठ किंवा दहा इंची सबवूफर पुरून उरतो.

आता सबवूफरच्या पाठीमागे जा. तिथे साधारण तीन गोष्टी असतात : गेन किंवा व्हॉल्यूमचा नॉब, लो-पास किंवा क्रॉसओव्हरचा नॉब आणि फेजचं बटण. रिसिव्हर जोडलेला असेल तर लो-पासचा नॉब शेवटपर्यंत, सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवून ठेवा, किंवा 'एलएफई' असं लिहिलेल्या सॉकेटमध्ये वायर घाला. वाटणी रिसिव्हर करतोच आहे. इथेही ८० ठेवलं तर दोन फिल्टर एकामागोमाग लागतात, उतार दुप्पट होतो आणि पुन्हा तोच खड्डा पडतो. ज्या संचाला रिसिव्हरच नाही, स्पीकरच्या वायरी थेट सबवूफरला जोडल्यात, तिथे मात्र हाच नॉब खरा क्रॉसओव्हर आहे. साउंडबारबरोबर येणाऱ्या सबवूफरला बहुधा यातलं काहीच नसतं. तिथे जागा आणि आवाज एवढंच तुमच्या हाती.

रिसिव्हरच्या मेन्यूत 'एलपीएफ फॉर एलएफई' नावाची आणखी एक ओळ असते. तिला १२० वरच राहू द्या. ५.१ मधला तो '.१' म्हणजे स्फोट-गडगडाटासाठी वेगळा राखलेला मार्ग, आणि तो १२० हर्ट्झपर्यंत जातो. १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आलं, त्यातही हा मार्ग होता. स्पीकरांच्या क्रॉसओव्हरशी त्याचा संबंध नाही. दोन्ही आकडे सारखे करायच्या नादात तो ८० वर आणला तर मूळ ध्वनीतला वरचा भाग तुम्ही कापून टाकता.

बहुतेक रिसिव्हरबरोबर छोटा माइक येतो आणि ऑडिसी, वायपीएओ अशा नावाने तो सगळं आपोआप मोजून देतो. तो जरूर वापरा, पण शांतता मिळवून. पंखा बंद, फ्रिज जमल्यास बंद, खिडक्या बंद. रस्त्यावरून अवजड गाडी गेली तर ते मोजमाप टाकून पुन्हा घ्या, कारण ट्रकची घरघर नेमकी सबवूफरच्या पट्ट्यातच पडते. रविवारी सकाळी सातच्या सुमाराला हे काम चांगलं होतं. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला ठेवा.

मोजणी झाल्यावर निकाल डोळे झाकून मान्य करायचा नाही. पुढचे स्पीकर 'लार्ज' आलेत का पाहा, आले असतील तर 'स्मॉल' करा. क्रॉसओव्हर ४० आला असेल तर ८० करा. एक नियम मात्र पाळा : यंत्राने दिलेला आकडा वर न्यायला हरकत नाही, खाली आणू नका. यंत्राने १२० म्हटलं याचा अर्थ त्याखाली स्पीकरकडून त्याला पुरेसा आवाज मिळालाच नाही. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षात सात फूट असताना यंत्र चौदा फूट दाखवेल, तेही टेप लावून दुरुस्त करू नका. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज किंचित उशिरा निघतो, तो उशीर यंत्र फुटांत सांगत असतं. सबवूफरची पातळी उणे १२ सारख्या टोकाला गेली असेल तर सबवूफरवरचा गेन कमी करून पुन्हा मोजा. ती शून्याच्या आसपास, अधिक-उणे तीन-चारात यायला हवी.

यानंतरची पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि माझ्या मते फरक सर्वांत जास्त तिथेच पडतो. ८० हर्ट्झवर स्पीकर आणि सबवूफर दोघेही वाजत असतात. एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर हवेत दोघं एकमेकांना पुसून टाकतात. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं मोफत अॅप घ्या, मोबाइल रिसिव्हरला जोडा, रिसिव्हर 'स्टीरिओ'वर ठेवा ('डायरेक्ट'वर नको, काही रिसिव्हर तिथे वाटणीच बंद करतात) आणि तुमचा क्रॉसओव्हर जो असेल त्या आकड्याचा, समजा ८० चा, सलग सूर मध्यम आवाजात सोडा. ऐकणाऱ्याने सोफ्यावर नेहमीच्या जागी डोकं न हलवता बसायचं. दुसऱ्याने सबवूफरमागे जाऊन फेजचं बटण ० वरून १८० वर न्यायचं, परत आणायचं. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बाजू बरोबर. बटणाऐवजी फिरता नॉब असेल तर सावकाश फिरवत जा, सोफ्यावरच्या माणसाने 'इथेच' म्हणायचं. सूर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ सलग चालू ठेवू नका, स्पीकर तापतो.

आवाजाची पातळी शेवटी. रिसिव्हरचा चाचणी-आवाज प्रत्येक स्पीकरला ७५ डेसिबलवर आणायचा असतो. मोबाइलचं अॅप वापरत असाल तर त्यात 'सी' आणि 'स्लो' निवडा, आणि सबवूफरसाठी त्या आकड्यावर फार विसंबू नका. मोबाइलचा माइक खर्ज ऐकायला बनवलेलाच नाही. तिथे कान लावा : सबवूफर बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, चालू असताना मात्र तो कुठे आहे हे कळता कामा नये.

दोन गोष्टी क्रॉसओव्हरचा दोष म्हणून माथी मारल्या जातात, पण त्या वेगळ्याच असतात. पहिली, सतत येणारी घूं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घूं ५० किंवा १०० वर, म्हणजे थेट सबवूफरच्या हद्दीत येते. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. घूं थांबली तर ती केबल आणि घराचं अर्थिंग यांच्या भांडणातून येतेय, केबलवाल्याकडून ग्राउंड आयसोलेटर बसवून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, तो जिवावरचा खेळ आहे. दुसरी, खडखड. टोन जनरेटरवर ३० पासून १२० पर्यंत सूर हळूहळू चढवत न्या आणि घरभर फिरा. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी एका सुराला थरथरेल, शोकेसची काच दुसऱ्याला, माळ्यावरचे स्टीलचे डबे तिसऱ्याला. खिडकीच्या फटीत रबराची पट्टी आणि डब्यांखाली जुनी चादर घातली की निम्मा 'फाटलेला बेस' बरा होतो.

राहता राहिले शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी संचाचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये. हे मोजमाप 'ए' पट्टीवर होतं आणि ती पट्टी खर्जाला फार सौम्य आहे : ५० हर्ट्झचा ८० डेसिबलचा आवाज तिच्यावर ५० च दिसतो. म्हणजे मीटर निर्दोष ठरवेल तेव्हाही खालच्या मजल्यावरचं बाळ जागं झालेलं असेल. चार इंची विटांची भिंत बोलणं बऱ्यापैकी अडवते, खर्ज जवळपास जाऊ देते. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमची गादी घातली तर फरशीतून जाणारी धडधड कमी होते, हवेतून जाणारी नाही. रात्री त्यासाठी क्रॉसओव्हरला हात लावू नका, घडी विस्कटते. रिसिव्हरवरून सबवूफरची पातळी पाच-सहा डेसिबलने खाली आणा आणि 'नाइट मोड' चालू करा, त्यात मोठे आवाज दबतात आणि संवाद वर येतात. सकाळी परत जागेवर आणता यावं म्हणून क्रॉसओव्हर, फेज, गेन आणि पातळी हे चारही आकडे कागदावर लिहून रिसिव्हरच्या बाजूला चिकटवून ठेवा. वीज जाऊन-येऊन कधी रिसिव्हर सगळं विसरला तर तो कागद लागेल.